आखूड धावपट्टी, हलकं विमान आणि वेगाचा वर्ग

विमान किती अंतरात जमीन सोडेल, याचं ढोबळ गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे. जमीन सोडण्याच्या वेगाचा वर्ग करा आणि त्याला त्वरणाच्या दुपटीने भागा. समजा, घरी बांधलेलं एक दोन आसनी विमान ताशी ६५ किलोमीटरला उडतं, म्हणजे सेकंदाला साधारण १८ मीटर. धावताना त्याचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद एवढा वाढतो. उत्तर येतं ५४ मीटर. आता समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आहे असं धरा. पंखांना हवेच्या तुलनेत ६५चा वेग लागतो, पण त्यातले २० वाराच देतो. चाकांना ४५ पुरतात. अंतर २६ मीटरवर येतं, निम्म्याहून कमी. उलट पाठीमागून फक्त १० किलोमीटरचा वारा असेल, तर तेच विमान ७२ मीटर धावतं.

तिन्ही वेळा विमान तेच, पायलट तोच, थ्रॉटलही (इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा) तेवढाच पुढे ढकललेला. फरक फक्त वेगाच्या वर्गाचा. आखूड टेकऑफची जेवढी तंत्रं पायलट एकमेकांना सांगतात, ती सगळी याच भागाकाराशी येऊन थांबतात. एकतर जमीन सोडण्याचा वेग कमी करायचा, नाहीतर त्वरण वाढवायचं. वेगावर वर्ग आहे आणि त्वरणावर नाही, त्यामुळे वेग दहा टक्क्यांनी खाली आणणं हे त्वरण दहा टक्क्यांनी वाढवण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट फायद्याचं. मात्र वेग जितका खाली आणाल तितकं चाकं सुटल्यानंतरचं उड्डाण नाजूक होत जातं. माझ्या मते खरा अवघड भाग तोच आहे, आणि गप्पांमध्ये सगळ्यात कमी बोललं जातं तेही त्याच्याबद्दलच.

वजनाची किंमत दोनदा

वजन या गणितात दोन दारांनी शिरतं. जड विमानाला उचलायला जास्त वेग लागतो, आणि त्याच इंजिनावर ते तो वेग सावकाश गाठतं. दोन्ही मिळून धावण्याचं अंतर साधारण वजनाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. वजन दहा टक्क्यांनी वाढलं की अंतर वीस-एकवीस टक्क्यांनी. ४५० किलोच्या विमानाला दहा टक्के म्हणजे ४५ किलो, आणि ६० लिटर पेट्रोलचं वजन ४३ किलोच्या आसपास भरतं. भरलेली टाकी आणि जवळजवळ रिकामी टाकी यांच्यात एवढा फरक आहे.

घरी बांधलेल्या विमानांचं एक ठरलेलं दुखणं असतं. कागदावर २७० किलोचं असलेलं विमान प्रत्यक्ष काट्यावर ठेवलं की बरंच जास्त भरतं. रंगाचा एक जादा थर, मोठा स्क्रीन, मऊ गाद्या, दुसरी बॅटरी, ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून बसवलेला कप्पा. यातली एकही गोष्ट एकटी जड नसते. पण पंखावर हजारोंचा खर्च करून जो वेग खाली आणला, तो गाद्यांनी परत वर नेला, असं होऊ शकतं. आखूड धावपट्टीवरून उडायचं ज्यांनी मनावर घेतलंय, त्यांनी पहिली वस्तू घ्यावी ती वजनकाटा.

वजन कुठे ठेवलंय यानेही फरक पडतो. गुरुत्वमध्य फार पुढे असेल, तर शेपटीला नाक वर उचलायला जास्त जोर लावावा लागतो, आणि शेपटीचा तो खाली दाबणारा जोर पंखालाच पेलावा लागतो. मध्य मागे सरकवला की हा भार हलका होतो, नाक लवकर उठतं. पण मर्यादेच्या मागे गेला, तर विमान अस्थिर होतं आणि स्टॉलमधून, म्हणजे पंखाची उचल कोसळण्याच्या अवस्थेतून, बाहेर येणं कठीण होतं. ही मर्यादा आराखड्यात दिलेली असते. थोड्या मीटरांसाठी तिच्याशी खेळू नये.

पंखाने सावकाश उडावं म्हणून

पंख हवेला जितका जास्त कोन करून भिडतो तितकी उचल, म्हणजे लिफ्ट, वाढते. एका कोनापर्यंतच. साधा पंख पंधरा-सोळा अंशांच्या आसपास पोचला की वरच्या पृष्ठभागावरची हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते, आणि लिफ्ट कोसळते. हाच स्टॉल. हळू उडायचं असेल तर स्टॉलचा वेग खाली आणायला हवा. त्यासाठी पंखाचं क्षेत्रफळ वाढवा किंवा तेवढ्याच पंखातून जास्त लिफ्ट काढा.

फ्लॅप हे काम पंखाच्या मागच्या कडेला करतात. ते खाली झुकले की पंखाची कमान वाढते, लिफ्ट वाढते, सोबत ओढ म्हणजे ड्रॅगही वाढतो. पहिल्या टप्प्यात लिफ्ट जास्त आणि ड्रॅग कमी मिळतो. पूर्ण फ्लॅप लावले की उलट. म्हणून बहुतेक विमानांत टेकऑफला अर्धेमुर्धे फ्लॅप लावतात आणि पूर्ण फ्लॅप उतरण्यासाठी राखून ठेवतात. नेमके किती अंश, हे प्रत्येक विमानाचं वेगळं असतं.

स्लॅट पंखाच्या पुढच्या कडेला असतो. मुख्य पंखाच्या पुढे, थोडी फट ठेवून बसवलेला एक अरुंद पंखच म्हणा. त्या फटीतून खालची हवा जोराने वर येते आणि पंखाच्या पाठीवरून सुटू पाहणाऱ्या हवेला पुन्हा पृष्ठभागाला चिकटवून ठेवते. असा पंख २५ अंशांच्या पुढेही स्टॉल न होता टिकू शकतो. १९३६ साली पहिल्यांदा उडालेल्या जर्मन फीझेलर श्टोर्खच्या पंखाला पुढच्या कडेला असे स्थिर स्लॅट होते. ताशी ५० किलोमीटरच्या आसपासही ते हवेत राहायचं. क्रिस हाइन्ट्झ यांनी १९८०च्या दशकात आराखडा केलेलं झेनिथ सीएच ७०१ हे किटमधून घरी बांधायचं विमान याच वाटेने गेलं. जाड पंख, स्थिर स्लॅट, आणि पंखाच्या मागे थोडे खाली लटकवलेले, फ्लॅप आणि एलेरॉन (विमान एका बाजूला कलवणारी पंखावरची पट्टी) या दोघांचंही काम करणारे फ्लॅपेरॉन. स्थिर स्लॅट समतल उड्डाणातही हवा अडवतात, त्यामुळे वेग मार खातो. म्हणून ७०१चे कित्येक मालक स्लॅट काढून टाकतात आणि पंखाच्या पुढच्या भागावर व्होर्टेक्स जनरेटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या पात्यांची रांग, चिकटवतात. ही पाती हवेत छोटे भोवरे निर्माण करतात आणि त्या भोवऱ्यांमुळे हवा पंखाला जास्त वेळ धरून राहते. स्लॅटएवढा परिणाम मिळत नाही, पण वेगाची किंमतही तेवढी मोजावी लागत नाही. जस्ट एअरक्राफ्ट या कंपनीच्या सुपरस्टॉल विमानात तिसरा मार्ग आहे. तिथले स्लॅट कोन वाढला की हवेच्या दाबानेच आपोआप बाहेर येतात आणि वेग वाढला की आत बसतात.

पण २५ अंशांना टिकणारा पंख जमिनीवर उपयोगी पडतोच असं नाही. शेपटीखाली चाक असलेलं विमान तीन चाकांवर उभं असताना त्याचा पंख हवेशी समजा १२ अंशांचा कोन करतो. धावताना शेपूट जमिनीला टेकलेलीच आहे, तर यापेक्षा जास्त कोन मिळणार कुठून? उरलेली लिफ्ट पंखात आहे, पण जमिनीवरून ती काढताच येत नाही. श्टोर्खचे पाय एखाद्या करकोच्यासारखे लांब का, याचं एक उत्तर इथे आहे. विमानाच्या नावाचा अर्थही तोच पक्षी. मोठे, फुगीर टायर बसवण्यामागेही खडकाळ जमिनीइतकंच हे कारण असतं. पुढचे पाय उंच झाले की विमान नाक वर करून उभं राहतं आणि पंखाला आयताच जास्त कोन मिळतो. नाकाखाली चाक असलेल्या विमानांचा प्रश्न वेगळा. तिथे शेपूट खाली दाबून नाक उचलावं लागतं, आणि शेपटीवर पुरेशी हवा येईपर्यंत नाक उठतच नाही. प्रोपेलरचा झोत शेपटीवर नीट पडत असेल तर हे काम लवकर होतं.

ओढणारा पंखा

त्वरणाकडे वळलं की लोक लगेच अश्वशक्तीबद्दल बोलू लागतात. जागेवर उभं असताना आणि सुरुवातीच्या काही मीटरांत मात्र प्रोपेलरचा व्यास आणि त्याच्या पात्यांचा पिच, म्हणजे पाती किती कोनात बसवली आहेत ते, यांना इंजिनाइतकंच महत्त्व असतं. त्याच शक्तीवर जास्त हवा सावकाश मागे ढकलणं हे थोडी हवा जोराने ढकलण्यापेक्षा पुढे ओढण्याचा जास्त जोर देतं. सिद्धांतानुसार इंजिनाची शक्ती २० टक्क्यांनी वाढवली तर स्थिर अवस्थेतला ओढण्याचा जोर साधारण १३ टक्क्यांनीच वाढतो. आणि इंजिन तेच ठेवून व्यास १० टक्क्यांनी वाढवला, तर साधारण साडेसहा टक्के जोर वाढतो, इंधनाचा एक थेंबही जास्त न जाळता.

मोठं पातं वेगाने फिरवता येत नाही. टोकं ध्वनीच्या वेगाजवळ गेली की नुसता आवाज होतो, काम होत नाही. म्हणून रोटॅक्स ९१२ यूएलएससारख्या इंजिनात गिअर असतो. इंजिन मिनिटाला ५,८०० फेऱ्या करून १०० अश्वशक्ती देतं, पण २.४३ पट गिअरमुळे प्रोपेलर साधारण २,४०० फेऱ्यांनीच फिरतो. मोटारीच्या इंजिनावरून बनवलेली, गिअर नसलेली इंजिनं छोटा प्रोपेलर जोरात फिरवतात. समतल उड्डाणात ती बरी चालतात, पण आखूड धावपट्टीवर कमी पडतात.

पिचचंही असंच. पाती जास्त कोनात बसवलेली असतील, तर समतल उड्डाणात वेग छान मिळतो, पण जागेवर उभं असताना इंजिनाला ती पाती फिरवणंच जड जातं. पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन ४,८०० फेऱ्यांच्या पुढे जात नसेल, तर शंभर अश्वशक्ती फक्त माहितीपत्रकात आहे. जमिनीवर पाती सैल करून कोन बदलता येतो असा प्रोपेलर या कामाला उत्तम. अर्धा अंश कमी करायचा, पुन्हा मोजायचं. पाती फार सपाट केली तर चढताना इंजिन लाल रेषेच्या, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेच्या, पुढे पळतं, तेही बघावं लागतं.

प्रत्यक्ष धाव

आखूड पण कडक धावपट्टीवरची पद्धत अशी. उपलब्ध लांबीतला पहिला मीटरही वाया न घालवता अगदी टोकापासून सुरुवात करायची. फ्लॅप लावायचे, ब्रेक दाबून धरायचे, थ्रॉटल पूर्ण पुढे. इंजिनाच्या फेऱ्या, तेलाचा दाब, तापमान पाहायचं आणि मगच ब्रेक सोडायचे. ब्रेक धरल्याने अंतर फारसं वाचत नाही. हलकं इंजिन एक-दोन सेकंदात पूर्ण जोर धरतंच. खरा फायदा तपासणीचा. इंजिनात खोट असेल तर ती उभं असतानाच कळते. खडी असेल तिथे मात्र हे करू नये, प्रोपेलर दगड ओढून घेतो आणि पात्यांच्या कडा चावल्यासारख्या होतात. तिथे विमान हळूहळू सरकवत जोर वाढवायचा. शेपटीच्या चाकाच्या विमानात ब्रेक धरून पूर्ण जोर देताना स्टिक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा, पोटाशी ओढलेली हवी, नाहीतर शेपूट उठून नाक जमिनीवर आपटू शकतं.

मऊ जमीन, चिखल, उंच गवत असेल तर सगळं वेगळं. तिथे चाकं हाच शत्रू. डांबरावर चाकांचा अडथळा विमानाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के असतो, उंच गवतात तो दहा टक्क्यांपर्यंत जातो, चिखलात त्याहून पुष्कळ जास्त. त्वरण ३ मीटर प्रतिसेकंद वर्ग म्हणजे गुरुत्वाच्या तीस टक्के. त्यातले दहा गवतानेच खाल्ले तर उरलं काय? म्हणून अशा जागी थांबायचंच नाही. धावपट्टीवर वळता वळताच जोर द्यायचा, स्टिक मागे ओढून नाक हलकं ठेवायचं, आणि वजन चाकांवरून पंखांवर जितकं लवकर सरकेल तितकं सरकवायचं. काही जण एलेरॉनने एक चाक आधी उचलून घेतात. पाण्यावरून उडणारे पायलट एक तरंडा असाच आधी सोडवतात.

शेपूट कधी उचलायची यावर पायलटांची दोन घराणी आहेत. एकाचं म्हणणं, शेपूट लवकर वर घ्या, विमान सपाट करा, ड्रॅग कमी होईल, वेग पटकन वाढेल आणि मग नाक उचला. दुसऱ्याचं म्हणणं, शेपूट जवळजवळ जमिनीलगतच ठेवा, विमान आपलं आपण उडेल. हलक्या, मोठ्या पंखांच्या विमानाला दुसरी रीत मला जास्त पटते. पन्नास मीटरच्या धावेत वेग इतका कमी असतो की हवेचा ड्रॅग तसाही किरकोळ. मग शेपूट उचलायची आणि परत खाली आणायची, या खटाटोपात दोन सेकंद घालवण्यात काय हशील? शिवाय शेपूट झटकन उचलली की फिरता प्रोपेलर खेळण्यातल्या भोवऱ्याच्या नियमाने विमानाला बाजूला खेचतो. पायलटच्या जागेवरून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर नाक डावीकडे जातं, आणि उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं सुकाणू) आधीपासून तयार नसेल तर आखूड धावपट्टीची रुंदीही आखूड वाटू लागते. छोट्या पंखांच्या, जास्त वेगाने उडणाऱ्या विमानांत पहिली पद्धत योग्य ठरते.

हाताने ओढायच्या दांड्याचे फ्लॅप असतील तर आणखी एक युक्ती वापरली जाते. फ्लॅप न लावता धावायचं आणि योग्य वेग आला की दांडा एकदम ओढायचा. पंखाची लिफ्ट अचानक वाढते आणि विमान जमिनीवरून उडी मारतं. अलास्कातल्या वॉल्डीझला दर मे महिन्यात आखूड टेकऑफ-लँडिंगची स्पर्धा होते, टेकऑफ आणि लँडिंगच्या अंतरांची बेरीज हाच निकाल. तिथे हे हमखास दिसतं. दिसायला झकास आहे. पण ते विमान सोलून हलकं केलेलं असतं, टाकीत इंधन जेमतेम असतं आणि समोरून वारा असतो. एका सेकंदाने लवकर दांडा ओढला, तर विमान उडी मारतं आणि परत आदळतं. रोजच्या उड्डाणात फ्लॅप सुरुवातीपासून लावून ठेवले तरी बहुतेक सगळा फायदा मिळतो.

चाकं सुटल्यावर

पंख जमिनीच्या जवळ असताना त्याच्या टोकांवरून वळसा घालणाऱ्या हवेला जागा मिळत नाही आणि लिफ्ट निर्माण करताना आपोआप येणारा ड्रॅग घटतो. यालाच ग्राउंड इफेक्ट म्हणतात. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीच्या एक दशांश उंचीवर हा ड्रॅग जवळजवळ निम्मा होतो. एक चतुर्थांश उंचीवर साधारण चोवीस टक्क्यांनी कमी. आणि विमान पंखाच्या लांबीएवढं वर गेलं की फायदा संपल्यातच जमा. नऊ मीटर पंखाच्या विमानासाठी हा सगळा खेळ जमिनीपासून दोन-तीन मीटरांतच आटोपतो.

त्यामुळे असं होतं की विमान ज्या वेगाला जमीन सोडतं, त्या वेगाला ते वर चढू शकेलच असं नाही. पायलट नाक आणखी वर करतो, विमान तीन मीटरवर जातं, ड्रॅग वाढतो, वेग पडतो आणि ते पुन्हा खाली बसतं, बहुधा धावपट्टी संपल्यावर. कमी वेगात नाक वर केल्याने चढण मिळत नाही, ड्रॅगच मिळतो. चाकं सुटल्यावर नाक किंचित खाली आणून, जमिनीपासून मीटरभर अंतर राखत वेग वाढू देणं आणि मग चढणं, हाच यावरचा उपाय. पाहणाऱ्याला यात काही मजा वाटत नाही.

समोर झाडं असतील तर चढण्याचा वेगही नीट निवडावा लागतो. कमीत कमी अंतरात जास्तीत जास्त उंची देणारा एक वेग असतो आणि कमीत कमी वेळात जास्तीत जास्त उंची देणारा दुसरा, थोडा अधिक. झाडं ओलांडेपर्यंत पहिला, ओलांडली की दुसरा.

आता समजा १५ मीटर उंचीवर, ताशी ६५ किलोमीटर वेगात, नाक आकाशाकडे असताना इंजिन बंद पडलं. विमान नीट तरंगत खाली आणायला आणि शेवटी नाक उचलून अलगद टेकवायला, धरा, ताशी ९० किलोमीटर लागतात. ६५वरून ९०वर जायची ऊर्जा फक्त उंचीतून येणार. हिशेब केला तर ड्रॅग शून्य धरूनही १५ मीटर उंची खर्च होते. म्हणजे होती तेवढी सगळी. प्रत्यक्षात पायलटला काय झालं हे उमगायलाच एक-दोन सेकंद जातात, आणि फ्लॅप-स्लॅटवालं हलकं विमान जोर गेला की फार पटकन वेग गमावतं.

याहून वाईट गोष्ट स्टॉलच्या वेगाची. इंजिन पूर्ण जोरात असताना प्रोपेलरचा झोत पंखाच्या आतल्या भागावरून वाहतो आणि तेवढा भाग विमानाच्या वेगापेक्षा जास्त वेगाची हवा अनुभवतो. शिवाय नाक वर असल्याने प्रोपेलर थोडं वजनही उचलत असतो. म्हणून जोर असताना स्टॉलचा वेग कमी असतो. तुम्ही त्या कमी वेगावर चढत असाल आणि इंजिन थांबलं, तर विमान त्याच क्षणी स्टॉलमध्ये असतं. सर्वांत उभ्या चढणीचे व्हिडिओ पाहताना हे आठवावं. तिथला पायलट काही सेकंदांसाठी सगळा भरवसा एका इंजिनावर टाकून बसलेला असतो. झाडं नसतील, पुढे मोकळं रान असेल, तर तसं चढण्याचं कारण मला दिसत नाही.

उंची विकून वेग घेण्याचं इतिहासातलं टोकाचं उदाहरण श्टोर्खचंच आहे. १२ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीतल्या ग्रान सासो डोंगरावरच्या कैदेतून मुसोलिनीला बाहेर काढलं गेलं. विमान लहान, त्यात पायलटशिवाय मुसोलिनी आणि धिप्पाड जर्मन कमांडो अधिकारी स्कोर्झेनी. सैनिकांनी विमान धरून ठेवलं, इंजिन पूर्ण जोरात आल्यावर सोडलं, तरीही खडकाळ उतारावर पुरेसा वेग आलाच नाही. विमान कड्यावरून खाली दरीत गेलं, पडता पडता त्याला वेग मिळाला आणि मग ते सरळ झालं. खाली दरी होती म्हणून जमलं.

हवा, उतार, गवत

उष्ण आणि उंचावरची हवा विरळ असते. विरळ हवेत पंखाला जास्त खरा वेग लागतो, प्रोपेलरला धरायला हवा कमी मिळते, आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के शक्ती गमावतं. तिन्ही फटके एकदम बसतात. ढोबळ नियम असा: समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश सेल्सिअस, दर हजार फुटांना दोन अंश कमी. प्रत्यक्ष तापमान त्याहून जितके अंश जास्त, त्या प्रत्येकामागे १२० फूट उंची वाढली असं समजायचं. ३,००० फुटांवरच्या धावपट्टीवर पारा ३५ अंशांवर असेल, तर प्रमाणापेक्षा २६ अंश जास्त. विमानाला वाटतं की आपण ६,१०० फुटांवर आहोत. सकाळी लवकर निघणं हे कुठल्याही व्होर्टेक्स जनरेटरपेक्षा स्वस्त तंत्र आहे.

ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने छोट्या विमानांसाठी काही गुणक सुचवले आहेत, ते पाठ असावेत असे. वजन दहा टक्के जास्त, तर टेकऑफचं अंतर १.२ पट. तापमान दहा अंशांनी जास्त, तर १.१ पट. कोरडं गवत १.२, ओलं गवत १.३. दोन टक्के चढ १.१. उड्डाणवेगाच्या दहा टक्के वारा पाठीमागून, तर १.२. हे एकमेकांत मिळवायचे नाहीत, गुणायचे. ५० फूट उंची गाठेपर्यंत २०० मीटर लागणाऱ्या विमानाला दहा टक्के जास्त वजन, दहा अंश जास्त उष्णता, ओलं गवत आणि दोन टक्के चढ मिळाला, तर १.२ गुणिले १.१ गुणिले १.३ गुणिले १.१, म्हणजे जवळजवळ १.८९. झाले ३७८ मीटर. त्यावर प्राधिकरण आणखी १.३३चा सुरक्षागुणक लावायला सांगतं, आणि आकडा पाचशेच्या पुढे जातो.

आडव्या वाऱ्याचा मुद्दा वेगळा आहे. विमान जितक्या कमी वेगाला उडतं तितका वाऱ्याचा झोत त्याच्यासाठी मोठा. वारा बाजूने असेल आणि धावपट्टी रुंद असेल, तर तिरकं धावून वाऱ्याचा थोडा भाग समोरून घेता येतो. पण झोतांचा वारा असेल तर विमान हँगरमध्येच बरं. ६८० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप इंजिन बसवून नव्याने घडवलेलं ‘ड्रेको’ हे आखूड टेकऑफसाठी जगभर गाजलेलं विमान. १६ सप्टेंबर २०१९ला नेवाडातल्या रीनो इथे झोतांच्या आडव्या वाऱ्यात टेकऑफ करताना ते मोडलं. आतले सगळे सुखरूप राहिले. लांबी कमी पडली नव्हती, शक्तीही नाही.

आपल्या विमानाचा आकडा

कारखान्यात बनलेल्या विमानासोबत तक्त्यांचं पुस्तक येतं. घरी बांधलेल्या विमानाचा आकडा ज्याचा त्याने मोजायचा असतो. किट विकणाऱ्याच्या पत्रकातला आकडा त्याच्या विमानाचा, त्याच्या पायलटचा आणि बहुधा त्याच्या सोयीच्या हवेचा. आधी उंचावर जाऊन, पूर्ण वजनाने, इंजिन जोरात आणि मंद अशा दोन्ही अवस्थांत स्टॉल करून पाहायचे आणि त्या वेळी वेगदर्शक काय दाखवतो ते लिहून ठेवायचं. नाक फार वर असताना वेगदर्शकाला हवा पुरवणाऱ्या पिटो नळीत हवा तिरकी शिरते आणि काटा चुकीचा आकडा दाखवतो. दुसऱ्याच्या विमानाचा ‘६५ला उडवतो’ हा आकडा म्हणूनच आपल्या कामाचा नाही. यासाठी सोबत अनुभवी प्रशिक्षक असलेला चांगला.

मग धावपट्टीच्या कडेला ठरावीक अंतरावर खुणा लावायच्या, कोणाला तरी बाजूला उभं करून चाकं कुठे सुटतात ते चित्रित करायला सांगायचं. प्रत्येक धावेचं वजन, तापमान, वारा, गवत लिहायचं. सर्वांत चांगली धाव बाजूला ठेवा. उपयोगी पडते ती सरासरी, आणि त्याहूनही वाईट दिवसाची.

या खुणांचा दुसरा उपयोग थांबण्यासाठी. उपलब्ध लांबीच्या मध्यावर पोचेपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल, तर थ्रॉटल बंद. ०.७चा वर्ग ०.४९, म्हणजे निम्म्या अंतरात सत्तर टक्के वेग यायलाच हवा. आला नाही तर पुढच्या निम्म्यात बाकीचा येणार नाही. मात्र उरलेल्या निम्म्या लांबीत ब्रेक लागतील, हे यात गृहीत आहे. ओल्या गवतावर चाकं घसरतात, त्यामुळे तिथे ही खूण मध्याच्या बरीच अलीकडे आणावी लागते. किती अलीकडे, ते त्याच गवतावर कमी वेगात ब्रेक मारून पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.